काच पुसण्याचा धंदा आणि पहिलं गिऱ्हाईक



बारावी झालेला मुलगा घरी म्हणाला, "मी दुकानांच्या, फ्लॅटच्या काचा पुसून द्यायचा व्यवसाय सुरू करतो," तर त्याला दोनच उत्तरं ऐकायला मिळतात. एक घरातलं: "यासाठी शिकवलं होय तुला?" दुसरं मोबाईलमधलं: "बादली घ्या, वायपर घ्या आणि लाखो कमवा." माझ्या मते दोन्ही उत्तरं मुलाचं नुकसान करतात. पहिलं कामाची लाज शिकवतं, दुसरं खोटा हिशोब शिकवतं.

आधी हिशोब बघू. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या भागांतून एक फेरी मारा. शोरूम, दवाखाने, ऑफिसं, सगळीकडे काचाच काचा. म्हणजे काम आहे. साहित्यही फार नाही: बादली, रबरी पट्टीचा वायपर, फडकी, लांब दांडा, घडीची शिडी. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. सुरुवात सोपी आहे. पण जे सुरू करणं सोपं, ते उद्या शेजारचाही सुरू करू शकतो, हेही लक्षात घ्या.

आता हे गणित सातवी-आठवीच्या फळ्यावर मांडा. समजा, एका दुकानाची काच पुसायला अर्धा तास लागतो आणि १५० रुपये मिळतात. दिवसाचे आठ तास, महिन्याचे २६ दिवस. मुलं पटकन उत्तर देतील: ६२,४०० रुपये! मग विचारा, "दुकानदार काच कधी पुसून घेईल?" सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी. म्हणजे हाताशी फार तर दोन-अडीच तास. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायला दहा-पंधरा मिनिटं धरा. झाली तीन-चार दुकानं, ४५० ते ६०० रुपये. उरलेला दिवस घरं आणि ऑफिसं शोधून भरावा लागेल. त्यातून पेट्रोल, साहित्य, उधारी वजा करा.

पुढचा प्रश्न ऋतूंचा. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस. "परत भिजणारच आहे, कशाला पुसायची?" असं म्हणणारेच जास्त. आणि दसरा-दिवाळीला सगळ्यांना एकाच आठवड्यात माणूस हवा! चार महिने हात रिकामे आणि पंधरा दिवस हात अपुरे, हे या धंद्याचं खरं वेळापत्रक. दिवाळीतली कमाई जुलैसाठी बाजूला ठेवता आली तरच तो टिकेल. स्पर्धाही मोठ्या कंपनीशी नाही. ती दुकानातल्याच पोराशी आहे, जो रोज सकाळी ओलं फडकं आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन काच पुसतो. त्याच्यापेक्षा आपलं काम चांगलं का, हे दाखवता आलं पाहिजे.

इथे विज्ञान कामाला येतं. बोअरच्या जड पाण्यानं काच धुतली की पाणी उडून जातं, क्षार राहतात आणि पांढरे डाग पडतात. भर उन्हात तापलेल्या काचेवर साबणाचं पाणी ओढायच्या आधीच वाळतं आणि रेघा उठतात. धूळ कोरडीच घासली तर काचेवर ओरखडे येतात. हे ज्याला कळलं तो कारागीर झाला.

एक गोष्ट मात्र पालकांनी ठामपणे सांगावी: उंचीवरचं काम नाकारायचं. तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर उभं राहून काच पुसणं हे धाडस नव्हे. दोर, सुरक्षा पट्टा आणि प्रशिक्षण असल्याशिवाय तळमजला आणि खिडकीची आतली बाजू, एवढंच काम घ्यावं. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर उंचीवर चढवूच नये. नाही म्हटल्यानं एक काम जाईल, जाऊ दे.

मग या धंद्याचं खरं भांडवल कोणतं? बादली नव्हे, गिऱ्हाईक. यासाठी आपल्याच गावचं उदाहरण आहे. दरबारी नोकरीतले गंगाराम कांबळे यांनी राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीनं भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायचा कोणी? महाराज नुसती मदत देऊन थांबले नाहीत. ते स्वतः तिथे गेले, सगळ्यांदेखत चहा प्याले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजला. गंगारामांना उपदेशाची गरज नव्हती. त्यांना सर्वांसमोर येणारं गिऱ्हाईक हवं होतं.

साफसफाईच्या कामाला आपल्याकडे अजून जातीचा वास चिकटलेला आहे. "श्रमप्रतिष्ठा" या विषयावर निबंध लिहून घेतल्यानं तो जात नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत. त्यातला एक दिवस अशा कारागिराला वर्गात बोलवा, त्याला "सर" म्हणा आणि मानधनही द्या. पालकहो, ओळखीतल्या मुलानं किंवा मुलीनं हे काम सुरू केलं तर "आपलंच पोर आहे" म्हणून फुकट करून घेऊ नका. दर विचारा, काम नीट बघा, चुकलं असेल तर दाखवा आणि त्याच दिवशी पैसे द्या. शेजाऱ्यांना नंबर द्या.

हा धंदा कुणाला लखपती करेल असं मी म्हणत नाही. कदाचित दोन वर्षांनी तो मुलगा दुसरं काही करेल. पण दर ठरवणं, नाही म्हणणं, वेळ पाळणं आणि पावसाळ्यासाठी पैसे राखणं, एवढं तो शिकलेला असेल. त्यासाठी त्याला पहिलं गिऱ्हाईक मिळायला हवं. ते आपल्यापैकी कोणीही होऊ शकतं.