काटा बाई-गडी पाहत नाही

किनवटच्या शिवारात कापूस वेचणी किलोवर चालते. काट्यावर भरेल तेवढे पैसे. काटा बाई-गडी पाहत नाही. बोंडं फुटलेली आणि आभाळ भरून आलेलं असलं, की बायकांची टोळी एकमुखानं भाव वाढवून घेते. त्याच बायका खुरपणीला रोजानं गेल्या, की गड्यापेक्षा कमी मजुरी निमूट पदरात घेतात. तेव्हा ‘बाईला घासाघीस जमत नाही’ हे खरं नव्हे. एकटीनं मागितलं तर ती तोंडाळ ठरते, उद्याचं काम जातं. अडचण ही आहे. पगारवाढ मागणारी नोकरदार बाईही याच मापानं मोजली जाते. उलट, आशा स्वयंसेविका २०२३ मध्ये एकजुटीनं संपावर गेल्या, त्यानंतर मानधनवाढ पदरात पडली.

समान वेतनाचा कायदा १९७६ चा. २०१९ च्या वेतन संहितेत तो सामावला. पण खुरपणी ‘बायकांचं’ आणि फवारणी ‘गड्याचं’ काम, या वाटणीतून पळवाट निघते. ग्रामसभांनी हंगामाआधी कामनिहाय दर ठरवून फलकावर लावावेत. हक्काची मजुरी मागण्याचं ओझं एकट्या बाईच्या डोक्यावर नको.