प्रकाशकणांची जोडी आणि कारागिरीचे मोल

विज्ञानात कल्पनेचा गौरव लगेच होतो. ती कल्पना हाताने घडविणाऱ्यांचे स्मरण मात्र क्वचितच ठेवले जाते. परस्परसंबद्ध फोटॉनांच्या जोडीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मधल्या मध्ये कोणी डोकावल्यास त्याचा सुगावा लागावा, असा गुप्त संदेशव्यवहार या जोड्यांच्या आधारे उभारता येतो. विशिष्ट स्फटिकातून लेसर सोडला की अशा जोड्या मिळतात; पण त्या केव्हा मिळतील याचा नेम नसतो. हवी तेव्हा एकच जोडी मिळावी, यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2000 साली क्वांटम डॉटचा मार्ग सुचविला. अर्धवाहकातील हा अतिसूक्ष्म कण दोन टप्प्यांत ऊर्जा सोडतो आणि प्रत्येक टप्प्याला एक फोटॉन जन्मतो. 2006 मध्ये केंब्रिज येथील तोशिबाच्या प्रयोगशाळेने अशी परस्परसंबद्ध जोडी प्रत्यक्ष मिळविली.

तरीही प्रश्न संपला नव्हता. जन्मलेले बहुतांश फोटॉन घन अर्धवाहकातच अडकून पडतात. आरशांमधील सूक्ष्म पोकळी त्यांना एका दिशेने बाहेर काढू शकते. परंतु जोडीतील दोन फोटॉनांचे रंग किंचित भिन्न असतात आणि साधी पोकळी एकाच रंगाला अनुकूल ठरते. पॅरिसजवळ मार्कुसी येथे पास्कल सनेलार यांच्या चमूने 2010 मध्ये यावर उपाय शोधला. आधी योग्य डॉट हेरून त्याभोवती दोन जोडस्तंभ असे कोरले, की दोन्ही रंगांना वाट मिळावी. प्रत्येक लेसर-स्पंदामागे 0.12 जोडी हाती आली. आकडा लहान दिसतो. तत्कालीन स्रोतांच्या तुलनेत मात्र ती मोठी झेप होती.

कल्पनेपासून येथवर दहा वर्षे लागली. भारताने 2023 मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाची मुदत आठ वर्षे असून तरतूद 6003.65 कोटी रुपयांची आहे. हा संकल्प स्वागतार्हच आहे. परंतु स्फटिकाचे निर्दोष थर वाढविणारे आणि त्यांत स्तंभ कोरणारे हात निधीच्या जोरावर रातोरात निर्माण होत नाहीत. उपकरण विकत घेता येते, कसब जोपासावेच लागते. म्हणूनच अभियानाच्या यशाचा हिशेब मांडताना शोधनिबंधांच्या संख्येबरोबर देशात असे किती हात तयार झाले, हेही मोजले गेले पाहिजे. ते हात तयार झाले, तर मुदत संपल्यावरही काम थांबणार नाही.