दगड, कागद, कात्री : खेळ संगणकाशी, लक्ष हाताकडे

सुटीत घरी येणारी नातवंडे हल्ली संगणकावर लहानसहान खेळ स्वतःच रचू लागली आहेत. ‘दगड, कागद, कात्री’ हा त्यांतील सर्वांत सोपा. संगणक १, २, ३ यांपैकी एक अंक चिठ्ठी उचलावी तसा निवडतो. १ म्हणजे दगड, २ म्हणजे कागद, ३ म्हणजे कात्री. आपण आपला अंक दाबतो. एकूण ९ जोड्या संभवतात : ३ विजयाच्या, ३ पराभवाच्या, ३ बरोबरीच्या. येथे वय वा चपळाई कामास येत नाही. आजोबा आणि नातू अगदी समान.

आता नातवाला त्यात एक बदल करण्यास सांगावे. संगणकाने आपला हात आधी दाखवावा आणि पडद्यावर ‘जिंका’ किंवा ‘हरा’ अशी सूचना यावी. आपण तसा हात प्रत्यक्ष करावा, मग अंक दाबावा. जपानमध्ये ज्येष्ठांसाठी असा मागाहून हात दाखवण्याचा खेळ घेतला जातो. जिंकणे सवयीचे असते. मुद्दाम हरताना मात्र मनात प्रथम उमटलेले उत्तर आवरावे लागते. हे आवरण्याचे काम प्रामुख्याने मेंदूच्या पुढील भागाचे. दहा मिनिटे पुरेत. सांधे दुखत असल्यास मूठ सैलच ठेवावी.

शुश्रूषा करणाऱ्यांनी याची परीक्षा करू नये. दोन-चार चुका म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. आणि केवळ या खेळाने तो टळतो, असेही मानू नये. चालणे, रक्तदाब व साखरेवर नियंत्रण, माणसांची सोबत यांना पर्याय नाही.

परंतु एरवी सहज वळणारी मूठ एखाद्या दिवशी अचानक वळेनाशी झाली, तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. मालिश करीत किंवा सकाळची वाट पाहत बसू नये. तोंडाने काही देऊ नये. लक्षणे सुरू झाल्याची वेळ टिपून ठेवावी आणि तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध योग्य रुग्णास सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही मेंदूचे सी. टी. स्कॅन झाल्यावर. आपल्या देवणीहून उदगीर वा लातूर गाठण्यातच त्यातील बराच वेळ जातो.

खेळातील हारजीत नातवंडांनी मोजावी. घरातील मोठ्यांनी मात्र खेळणाऱ्या हाताकडे लक्ष ठेवावे.