टाचेतला रक्ताचा थेंब

‘१६ कोटींचं इंजेक्शन’ हे शब्द आपल्याकडे घरोघरी पोचले. ज्या आजारासाठी ते आहे, तो स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी मात्र अनोळखीच राहिला. एका जनुकातल्या दोषामुळे मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. बाळ मान धरत नाही, त्याचं रडणंही क्षीण होत जातं. २०१६च्या डिसेंबरपर्यंत यावर मान्यताप्राप्त औषधच नव्हतं. आज तीन आहेत. पण मेलेली पेशी परत येत नाही. लक्षणं दिसण्याआधीच औषध मिळालेली कितीतरी बाळं बसली, चालली; या औषधांवरच्या संशोधनातलं हेच आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं. हा दोष जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात सापडतो. ही तपासणी आपल्या प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात सुरू झालीच पाहिजे.