साखर न घातलेल्या रसातली साखर

मुलांनो, मार्च उजाडला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच येतात, वार्षिक परीक्षा आणि रसवंती! बारामतीच्या काय नि इंदापूरच्या काय, एसटी स्टँडबाहेर उभं राहिलं की चरकाची घुंगरं ऐकू येतातच. घरोघरी मिक्सरही सुरू होतात. कुणाकडे मोसंबी, कुणाकडे इंदापूरच्या बागेतलं डाळिंब, तर कुणाकडे आईचं ठरलेलं गाजर-बीट-टोमॅटो.

दुकानातल्या रसाच्या खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं, १०० मिलिलिटरमध्ये ऊर्जा इतकी किलोकॅलरी. घरच्या रसाला अशी पाटी कोण लावणार? आज ती आपणच तयार करू या. वही, पेन्सिल आणि स्वयंपाकघरातला काटा एवढंच साहित्य. काटा नसेल तर वाण्याकडून भाजी तोलून आणा.

आधी कॅलरी म्हणजे काय ते पाहू. एक किलो पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. खाण्यापिण्याच्या बोलण्यात आपण तिलाच नुसतं कॅलरी म्हणतो. तुमच्या पुस्तकात 'उष्मांक' हा शब्द असेल, तोही हाच.

आता प्रयोग. गाजर १०० ग्रॅम, बीट ५० ग्रॅम, टोमॅटो १०० ग्रॅम घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आपल्याकडच्या शेकडो पदार्थांचे तक्ते केलेले आहेत. आपल्याला ठोकळ आकडे पुरेत. शंभर ग्रॅम गाजरात किंवा बिटात सुमारे ४० कॅलरी धरा, टोमॅटोत २०. म्हणजे गाजराच्या ४०, बिटाच्या २० आणि टोमॅटोच्या २०. बेरीज ८०. एवढ्या उष्णतेनं २० अंशांवरचं एक लिटर पाणी उकळीला येईल!

पण रसात ८० उतरतील का? भांड्यात जेवढं घातलं त्यापेक्षा जास्त तर निघणार नाही, हे पक्कं. आता रस गाळा आणि गाळणीतला चोथा तोला. समजा तो ९० ग्रॅम भरला. म्हणजे २५० पैकी १६० ग्रॅम रस मिळाला. त्रैराशिक मांडलं तर ५१ कॅलरी येतात. साखर पाण्यात विरघळते, त्यामुळे ती चोथ्यापेक्षा रसाबरोबर थोडी अधिक जाते. तेव्हा पाटीवर '५० ते ६०' असं लिहा. घरच्या मोजमापात याहून बारीक आकडा लिहिणं म्हणजे उगाच ऐट. गाळून झाल्यावर वरून पाणी घातलंत तर पेले वाढतील, कॅलरी तेवढ्याच राहतील.

मोसंबीच्या एका पेल्याला (२०० मिलिलिटर धरू) तीन-चार फळं लागतात आणि कॅलरी येतात पाऊणशेच्या आसपास. डाळिंबाचा पेला शंभरच्या पुढे जातो. त्यात दोन चमचे साखर घातली की ती साधारण १० ग्रॅम. साखरेच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे आणखी ४० आल्या. मोसंबीचा रस करताना आईचा हात साखरेच्या डब्याकडे गेला की हा हिशेब तिला जरूर दाखवा. (ओरडा बसला तर माझं नाव सांगू नका.)

उसाचा हिशेब मात्र काट्यावर करायचाच नाही, तो गुऱ्हाळात जाऊन विचारायचा. शंभर किलो ऊस घाण्यातून काढला की साधारण साठ-पासष्ट किलो रस निघतो, आणि काहिलीत तो आटवला की दहा-अकरा किलो गूळ पडतो. म्हणजे सहा भाग रसाला एक भाग गूळ. यावरून २०० मिलिलिटरच्या पेल्यात किती गूळ लपलाय ते काढा बरं! पस्तीस ग्रॅमच्या जवळपास. कॅलरी झाल्या सव्वाशे ते दीडशे. बर्फ जास्त असेल तर कमी. तो किती घालतात ते रसवंतीवाल्याला विचारून उपयोग नाही, नीट बघूनच ठरवा.

वर कुणीच साखर घातली नव्हती, तरी एवढी निघाली! 'आम्ही रसात साखर घालत नाही' असं आपण मोठ्या विश्वासानं सांगतो, तेव्हा आधीपासून असलेल्या साखरेचा विचारच करत नाही. अख्खं फळ चावून खाताना चोथा पोटात जातो, पोट भरतं, साखर रक्तात सावकाश उतरते. उसाचं म्हणाल तर चोथा आपण थुंकूनच टाकतो, पण साडेतीनशे ग्रॅम ऊस सोलून चावायला दात आणि वेळ दोन्ही लागतात. पेला मात्र मिनिटात रिकामा. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये साखर किती खावी हे सांगताना फळांच्या रसातली साखरही वरून घातलेल्या साखरेच्या रांगेत बसवली. दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांहून ती कमी असावी असं त्यांचं म्हणणं. तुमच्या वयाला ही मर्यादा साधारण ५० ग्रॅम होते. उसाचा एक पेला, वर चहा आणि बिस्किटं, की झाली पुरी.

घरात मधुमेह असलेले आजोबा असतील तर हे मुद्दाम वाचून दाखवा. 'फळाचाच तर आहे' म्हणून नातवंडं प्रेमानं पेला पुढे करतात. औषध चालू असताना कधी रक्तातली साखर एकदम खाली गेली, घाम फुटला, हातपाय थरथरले, तर डॉक्टर साखर किंवा फळांचा रसच द्यायला सांगतात, कारण तो झटकन रक्तात पोचतो. एरवी तोच गुण त्यांना नको असतो. त्यांनी काय नि किती घ्यायचं, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आता दुसरी बाजू. सहावी-सातवीतल्या काही मुली 'जाड होऊ' म्हणून डबा टाळतात आणि घरून रस पिऊन येतात. मुलींनो, वही काढा. दहा ते बारा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २,०६० कॅलरी हव्यात, मुलाला २,२२०. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीतले हे आकडे आहेत. गाजर-बिटाच्या पेल्यात ५५ धरल्या, तर भागाकार येतो सदतीस! सदतीस पेले रोज कोण पिणार? आणि प्यायले तरी वाढत्या अंगाला लागणारी प्रथिनं त्यात नावालाच. भाकरी-पिठल्याचा डबा आणायचाच.

दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे येतात. त्यांच्या कोप्या तुम्ही पाहिल्या असतील, त्यांची मुलं तुमच्या वर्गातही बसत असतील. एवढं जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० आणि बाईला २,७२० कॅलरी लागतात, तीही शिफारस त्याच यादीत आहे. पहाटे कोयता घेऊन निघालेल्या बाईनं कडक उन्हात पेलाभर रस घेतला, तर त्यातल्या दीडशे कॅलरी दुपारच्या आत कामात जिरून जातात. पंख्याखाली बसून चित्रपट बघणाऱ्याच्या पेल्यातही आकडा तोच. म्हणून आपल्या पाटीवर कॅलरीच्या शेजारी आणखी एक रकाना आखा, 'पिणारा कोण?'

आणि हो, तो ९० ग्रॅम चोथा टाकू नका. ज्वारीच्या पिठात कालवून, तिखट-मीठ, कोथिंबीर घालून त्याची थालीपिठं लावायला सांगा. तव्यावर सोडलेल्या तेलाचा हिशेब मात्र विसरायचा नाही. एका चमच्याला ४५ कॅलरी धरा.