औंढ्याच्या माळाची शांतता

औंढा नागनाथ परभणीकरांस परका नाही. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर तो परभणी जिल्ह्यातच होता. नामदेवांसाठी जेथे देऊळ फिरले असे भाविक सांगतात, त्याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात, कृष्णविवरांच्या टकरींचा मागोवा घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा योजिली आहे. जिल्ह्याचे भूषण म्हणून तिचे स्वागत झाले, ते योग्यच होय. परंतु तिचे मोल जगाच्या नकाशावरील तिच्या जागेत आहे.

एप्रिल 2019 मध्ये कृष्णविवराचे जे पहिले चित्र जगाने पाहिले, ते एका दुर्बिणीचे काम नव्हते. हवाई, चिली, मेक्सिको, स्पेन अशा दूरदूरच्या ठिकाणांहून रेडिओ दुर्बिणींनी 2017 साली एकाच वेळी वेध घेतले आणि अणुघड्याळांच्या आधारे त्या नोंदी जुळविल्या गेल्या. दुर्बिणींमधील अंतर जितके मोठे, तितके चित्र रेखीव.

लायगो रेडिओ लहरी टिपत नाही, गुरुत्वीय लहरी टिपते. पण अंतराचे महत्त्व येथेही तेच. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या आणि त्यांतून धावणारे लेसर किरण, अशी तिची रचना. लहर येताच नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या रुंदीच्या सहस्रांशाहूनही कमी बदलते! 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील लिव्हिंगस्टनला लहर पोहोचली आणि सेकंदाच्या सुमारे सात सहस्रांशांनी तीन हजार किलोमीटरवरील हॅनफर्डला. या फरकावरून दिशा कळते, पण दोनच केंद्रे असली की आकाशाचा फार मोठा पट्टा संशयित राहतो. ऑगस्ट 2017 मध्ये इटलीतील ‘व्हर्गो’ साथीला होती, म्हणूनच दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर कोणत्या दीर्घिकेत झाली, हे दुर्बिणींनी काही तासांत शोधले. पुढे जपानची ‘काग्रा’ आली. या सर्वांपासून दूर असलेले औंढ्याचे केंद्र त्यांत मिळाले, तर दिशा कितीतरी अचूक सापडेल.

मग तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2016 मध्ये आणि 2,600 कोटींची अंतिम मंजुरी एप्रिल 2023 मध्ये, हा सात वर्षांचा विलंब कशासाठी? गेलेली वर्षे परत येणार नाहीत. जपावयाची आहे ती शांतता. जमिनीचा थरथराट कमी, म्हणून तर हे शिवार पसंत पडले. निसर्गाचे धक्के कोणाच्या हाती नाहीत. 2024 च्या मार्चात व जुलैत हिंगोलीने ते सोसले. पण खडीचे क्रशर, सुरुंग आणि अवजड वाहने माणसाच्या हातची आहेत. त्यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांना नुसता मनाईहुकूम दाखविणे अन्यायाचे होईल. त्यांच्यासाठी दुसऱ्या कामाची तजवीज आधी हवी. परभणी, हिंगोली व नांदेडच्या मुलांना निर्वात तंत्राचे आणि लेसरचे शिक्षणही आतापासूनच मिळाले पाहिजे, नाहीतर त्यांच्या वाट्याला दारावरचा पहारा तेवढा उरेल. आणि त्या परिसरात नव्या खाणीला परवानगी देण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाने पुण्याच्या ‘आयुका’तील शास्त्रज्ञांचे लेखी मत घ्यावे, अशी आमची मागणी आहे.