एक फुल, एक हाफ

खोपटला एसटी स्टँडच्या मागे आमचं घर. 'एक फुल, एक हाफ' हे लहानपणापासून कानावर पडत आलंय. तिकीट मागताना कुणी 'फूल' म्हणालं, म्हणून कंडक्टरने त्याच्या हातात मोगरा ठेवल्याचं काही मी पाहिलेलं नाही! कॉलेजात मात्र तसं नाही.

सेकंड इयरच्या ओरलला मला 'लिमिट्स अँड फिट्स' विचारलं. मी म्हणालो, "इंटरफिअरन्स फीट." सर हसून म्हणाले, "किती फीट? पाच की सहा?" बाकीचेही हसले. उत्तर येत होतं, आकृतीसुद्धा पाठ होती, पण पुढे तोंडच उघडलं नाही. त्यानंतर वर्षभर सेमिनारला मी मागच्या बाकावर. मराठी मीडियमची बरीच मुलं अशीच गप्प बसतात.

आता गंमत बघा. आपण 'फीट' म्हणतो, पण 'फिटिंग' म्हणताना इ बरोबर ऱ्हस्व होते. उलट 'हीट' नीट म्हणतो आणि 'हीटर'चा 'हिटर' करतो. असं का? कारण आपली जीभ मराठीचा नियम पाळते! वीट-विटेला, पूल-पुलावर, गरीब-गरिबाला. शेवटी अ असेल तर आधीची इ-उ दीर्घ आणि पुढे काही जोडलं की ऱ्हस्व. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखन नियमांतही हेच आहे. म्हणजे मराठीत लांबी बहुतेक वेळा जागेवरून ठरते, इंग्रजीत ती शब्दागणिक ठरते. शिवाय तिथे नुसती लांबी नाही, 'फिट'च्या इ ला जीभ जरा सैल आणि खालीही लागते. हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलंच नाही.

स्पेलिंगचा आधार घ्यावा तर तिथेही घोळ! कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढला, स्पेलिंगं हळूहळू पक्की झाली, पण दीर्घ स्वर पुढे दोनेकशे वर्षं बदलतच राहिले. 'टाइम'मध्ये पूर्वी 'ई' होती. उच्चार गेला, अक्षर राहिलं.

चूक ती चूकच, मी नाही म्हणत नाही. 'लिव्ह' आणि 'लीव्ह' यांत राहणं आणि सोडून जाणं एवढा फरक आहे. पण ही चूक अडाणीपणाची नाही, ती सवयीची आहे. सवय सरावाने बदलते, हसण्याने नाही. कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला बायोडेटा लिहून घेता, तशाच दहा मिनिटं या जोड्या मोठ्याने म्हणवून घ्या ना! आणि ओरलला मार्क उत्तराला द्या.

मी रोज बसमध्ये पुटपुटतोय : फिट-फीट, फिल-फील, फुल-फूल. शेजारचा माणूस विचित्र नजरेने बघतो. बघू दे! पुढच्या ओरलला 'फिट'च म्हणेन. आणि समजा तोंडातून 'फीट' निघालंच, तरी उत्तर पूर्ण केल्याशिवाय उठणार नाही.